न उकळलेलं पाणी

काल तुमच्या ताटात जो मासा होता, तो तुम्ही कुणाच्या शब्दावर खाल्लात?

उगाच इकडेतिकडे बघू नका. तुम्ही काही तो तपासला नव्हता. कुणीतरी म्हणालं चांगला आहे, आणि तुम्ही घास घेतला. आम्हीही तेच केलं. पुंता बाकावानमध्ये, खाडीकाठच्या आमच्या वस्तीत, आम्ही सगळे आते लुमिंगच्या शब्दावर जेवत होतो.

आते म्हणजे थोरली बहीण. इलुमिनादा हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण ते फक्त चर्चच्या वहीत. एरवी लहानथोर सगळे तिला आते लुमिंगच म्हणत. ठेंगणी, सावळी, हसताना तोंडावर हात ठेवणारी. बाटली हातात आली की ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं ती आधी तीनदा खळबळणार, मग भरणार, मग झाकण लावून ती बाटली पदराआड लपवल्यासारखी छातीशी धरून चालणार. पोरं मागून ओरडायची, "आते, कुणाचं बाळ घेऊन निघालीस?" ती म्हणायची, "तुझ्या बापाचं. जा, घरी सांग."

तिचे वडील खाडीत बांबू रोवून हिरव्या शिंपल्या वाढवायचे. आमच्या वस्तीत ज्यानं त्यानं हेच केलं. चिखलात बांबू रोवायचा, शिंपलीचं बी आपोआप येऊन चिकटतं, आणि काही महिन्यांनी बांबू उपटला की घडच्या घड. मी त्या शिंपल्या बाजारात विकते. विकते आणि भांडते. दुसरं काम जास्त करते असं लोक म्हणतात. म्हणू देत.

लुमिंगला मात्र पाण्यात उभं राहायचा कंटाळा होता. गावाच्या टोकाला धातूवर मुलामा चढवण्याचा कारखाना आला तेव्हा ती पहिल्या भरतीत आत गेली. जहाजांना लागणारे बोल्ट, कड्या, बिजागऱ्या आकड्यांना अडकवायच्या आणि हौदात सोडायच्या, हे काम. हौदात कॅडमियमचं द्रावण. त्यातून बोल्ट बाहेर आला की चांदीसारखा, आणि खाऱ्या वाऱ्यातही त्याला गंज चढत नाही. ते कॅडमियम माणसाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडात ठाण मांडून बसतं आणि हाडं पोखरतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

कारखान्याच्या प्रयोगशाळेचे मुख्य आबेल सर. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढवला नाही. फिरता फिरता त्यांना दिसलं, की आकडे लावणाऱ्या बायकांमध्ये एकीचा हात अजिबात थरथरत नाही. त्यांनी तिला उचलून प्रयोगशाळेत नेलं आणि मोजायला शिकवलं.

हे मोजणं काय असतं ते मला लुमिंगनंच समजावलं होतं, माझ्याच टोपलीवर बसून. पाण्यात तीन इलेक्ट्रोड बुडवायचे. एका दांडीवर विजेच्या जोरानं धातू ओढून घ्यायचा आणि पातळ थर बसवायचा. मग विजेचा दाब हळूहळू उलटा करत न्यायचा. दाब ठराविक जागी पोचला की धातू दांडी सोडून परत पाण्यात पळतो, आणि पळताना वीज देतो. पडद्यावर रेघ चाललेली असते, तिथे टेकाड उभं राहतं. आधी कॅडमियमचं, मग शिशाचं, शेवटी तांब्याचं. ज्याची त्याची जागा ठरलेली. टेकाड जितकं उंच तितका धातू जास्त.

"म्हणजे पोलीस दारात आल्यावर जो तो आपापल्या खिडकीतून उडी मारतो, तसं?" मी म्हटलं.

"तसंच. आणि कोण कुठल्या खिडकीतून पळालं ते मी बघते," लुमिंग म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसली.

कारखान्याला हे रोज लागायचं. हौदात शिसं किंवा तांबं जरा वाढलं की मुलामा काळपट येतो, माल परत येतो. त्यामुळे लुमिंगच्या टेकाडांवर सगळा कारखाना चालायचा. तिच्या टेबलावर नमुने यायचे ते छोट्या बाटल्यांतून, तयार. मागे एक खोली होती, तिथे सर स्वतः त्यांचं काहीतरी करायचे. तिथे जोरकस आम्लं असायची, वाफा असायच्या, छताला मोठा पंखा. बायकांना तिथे मज्जाव. "तुला पुढे पोरंबाळं व्हायचीत," सर म्हणायचे. लुमिंगला त्यात काळजी दिसली. मलाही तेव्हा तीच दिसली असती.

पोर झालं तेव्हा तिनं सरांनाच निनोंग केलं. आमच्याकडे बाप्तिस्म्याला पोराला हातावर धरणारा तो निनोंग, त्याचा दुसरा बाप. आणि त्या दिवसापासून आईबाप आणि निनोंग एकमेकांचे कुंपारे, कुमारे होतात; पुरुष तो कुंपारे, बाई ती कुमारे. रक्ताचं नातं भांडून तुटतं, हे तुटत नाही. साहेबाला कुंपारे करून घेणं ही आमच्याकडची रीतच. साहेबाचा मान, आपल्याला आधार. मग त्या माणसाला मोठ्या आवाजात प्रश्न विचारता येत नाही, एवढंच.

पोरीचं नाव मायलीन. सर दर नाताळला तिला कपडे द्यायचे. तिच्या कॉलेजात शब्द टाकला तो सरांनीच.

पुढे कारखान्यानं मोजणारी नवी यंत्रं आणली आणि लुमिंगला घरी पाठवलं. सर निवृत्त झाले पण सल्लागार म्हणून राहिले, आणि मायलीन शिकून त्याच प्रयोगशाळेत लागली. आई बाहेर, मुलगी आत. वस्ती म्हणाली, बघा, कुंपारे असावा तर असा.

त्यानंतरच्या काळात शिंपल्या बिघडल्या. बी चिकटायचं कमी झालं, कवच पातळ, आतलं मांस पिवळट आणि आक्रसलेलं. बाजारात गिऱ्हाईक माझ्या टोपलीपाशी थांबायचं, वास घ्यायचं आणि पुढच्या गावच्या बाईकडे जायचं. कारखान्याचा नाला जिथे खाडीत उतरतो, तिथले बांबू सगळ्यात आधी ओस पडले. मी फाटकावर जाऊन आरडाओरडा केला. पहारेकरी म्हणाला, "आते चारिंग, पुरावा आण, मग ओरड."

पुरावा म्हणजे मोजणं. शहरातल्या एका पाद्रींच्या ओळखीनं आम्हाला जुनं यंत्र मिळालं, पेटीएवढं. ते वस्तीच्या दवाखान्यात, लसींच्या फ्रिजशेजारी टेबलावर ठेवलं. चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

टेबान, आमच्या शिंपलीवाल्यांचा म्होरक्या, पेटीभोवती फिरून आला. "हे भविष्य सांगतं का गं?"

"तुम्ही काल काय प्यायलात ते सांगतं, कुया टेबान," लुमिंग म्हणाली. कुया म्हणजे थोरला भाऊ.

"मग माझ्या बायकोला दाखवू नकोस."

सुरू करण्याआधी लुमिंगनं सरांना विचारायचं ठरवलं. मी म्हटलं, "तो त्यांचा माणूस आहे." ती चिडली. "तो माझा कुंपारे आहे. त्यांनी शिकवलं म्हणून मी आहे." मग मी सोबत गेले. रविवार होता, चर्चहून आलेली माणसं, सरांच्या अंगणात शेवयांचं मोठं ताट. लुमिंगनं त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला, थोरांचा लावतात तसा. मी नाही लावला.

"सर, मी आपल्याकडे जसं करायचे तसंच नाल्याच्या पाण्याला करू ना? काही वेगळं लागेल?"

"तसंच कर, कुमारे. बाटली खळबळ, द्रावण घाल, यंत्राला लाव."

"आणि त्याच्या आधी काही?"

"आधी?" सरांनी शेवया वाढता वाढता तिच्याकडे बघितलं. "आधी प्रार्थना कर."

सगळं अंगण हसलं. लुमिंगही हसली, तोंडावर हात ठेवून. मला सांगायला लाज वाटते, पण विनोद चांगला होता.

मग लुमिंग मोजत राहिली. नाल्याच्या तोंडाशी, बांबूंच्या मधे, भरतीला, ओहोटीला. टेकाडं इवलीशी, मुंगीच्या वारुळाएवढी. यंत्र बिघडलंय का बघायला ती स्वच्छ पाण्यात कॅडमियमचा मोजका थेंब टाकायची. टेकाड बरोब्बर उठायचं. यंत्र ठीक. म्हणजे पाणीही ठीक. लोक दवाखान्याच्या दारात येऊन विचारायचे, "आते, खाऊ का?" आणि ती म्हणायची, "खा."

एवढा एकच शब्द. पण सांगणारी लुमिंग, म्हणून आयाबायांनी पोरांना आल्याच्या रश्श्यात शिंपल्या वाढल्या. मी फाटकावर गेले की कारखान्याची जनसंपर्कवाली बाई हसत बाहेर यायची. "आते चारिंग, तुमच्याच बाईचं यंत्र म्हणतंय पाणी स्वच्छ आहे. आता आम्ही काय करायचं?" लोक माझ्याकडे बघून हसायला लागले.

मी दवाखान्यात जाऊन लुमिंगला फैलावर घेतलं. "तुझं यंत्र झोपलंय."

"तुझ्या रागानं टेकाड उंच होत नाही, चारिंग."

"मग बांबू का मेले? काय त्यांनी उपास धरलाय?"

"मला जे दिसतं ते मी सांगते."

"पाणी वाहून जातं गं. शिंपली जागेवर बसून पाणी पीत असते, सगळं पोटात साठवते. तू पाण्याला काय विचारतेस? शिंपलीला विचार."

तिच्या ते डोक्यात बसलं. पण शिंपलीचं मांस यंत्रात बुडवता येत नाही. आधी ते आम्लात उकळून त्याचं पाणी करावं लागतं, आणि त्यासाठी वाफा ओढणारा पंखा लागतो. म्हणून आम्ही दोघी शहरातल्या कॉलेजात गेलो, एका बर्फाच्या डब्यात शिंपल्या आणि लुमिंगच्या छातीशी नाल्याच्या पाण्याची बाटली. तिथे दिविना नावाची शिक्षिका होती, पाद्रींची भाची. तिनं आमचं ऐकून घेतलं, आणि कॉलेजचं मोठं यंत्र आमच्यासाठी मोकळं केलं.

शिंपल्या पंख्याखाली उकळत ठेवल्या. तोवर दिविना म्हणाली, "पाणी बघू." लावलं. वारूळ. लुमिंगनं माझ्याकडे बघितलं, बघ, म्हणाल्यासारखं.

"आता यात थेंब टाकून बघते," दिविना म्हणाली.

"थेंब मी रोज टाकते," लुमिंग म्हणाली.

"कशात?"

"स्वच्छ पाण्यात."

तिनं कॅडमियमचा मोजका थेंब नाल्याच्या पाण्यातच टाकला आणि यंत्र पुन्हा चालवलं. रेघ निघाली, कॅडमियमच्या जागेपाशी आली आणि सरळ पुढे गेली. टेकाड नाही. जसं होतं तसंच वारूळ.

"टाकलात ना?" लुमिंगनं विचारलं.

"तुमच्यासमोर टाकला."

पुन्हा टाकला. दुप्पट. रेघ सपाट.

लुमिंगचा चेहरा मी तेव्हा बघितला. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणीतरी मोठ्यानं शिवी द्यावी तसा तो झाला होता.

"या पाण्यात असं काहीतरी घातलंय, जे धातूला मिठी मारून बसतं," दिविना म्हणाली. "धातू पाण्यात आहे, पण दांडीवर येऊन बसत नाही. यंत्र फक्त मोकळा धातू बघतं. बांधलेला त्याला दिसत नाही. ती मिठी मोडायची तर नमुना आधी आम्लात उकळायला हवा. हे पहिलं काम. तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

ती सहज बोलली. तिला काय ठाऊक.

तेच पाणी उकळून, गार करून, परत लावलं. टेकाड पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडलं. दिविनाला नमुना पातळ करावा लागला, मग पुन्हा करावा लागला. शिंपल्यांचं तर विचारूच नका. माणसानं तोंडात घालायच्या लायकीच्या नव्हत्या त्या.

परतीच्या जीपमध्ये लुमिंग एकच वाक्य बोलली. "मागच्या खोलीत सर हेच करायचे."

घरी आलो तर मायलीन कॉफीत पाव बुडवून खात होती. लुमिंगनं बाटली टेबलावर ठेवली. "बाळा, तुम्ही नमुने आधी उकळता?"

मायलीननं पाव कपातच सोडला. "का गं?"

"उकळता का?"

"आई, निनोंगनी सांगितलंय कामाचं घरी बोलायचं नाही."

"मी तुझी आई आहे, जनसंपर्कवाली नाही. उकळता?"

पोरगी रडायला लागली. मग बोलली. हौदाचे नमुने उकळतात. रोज. कारण हौदात धातू नेमका किती, हे कारखान्याला कळायलाच हवं, नाहीतर बोल्ट बिघडतात. नाल्याचे नमुने मात्र तसेच लावतात. पहिल्यापासून. पद्धतच तशी आहे म्हणाली. तो मिठी मारणारा पदार्थ हौदातलाच, मुलामा गुळगुळीत यावा म्हणून घालतात. धुण्याच्या पाण्यातून नाल्यात येतो, धातूला बगलेत मारून.

तुमच्या लक्षात आलं? बोल्टसाठी उकळलेलं पाणी आणि आमच्यासाठी न उकळलेलं. बोल्टाला खरं सांगायचं, माणसाला नाही.

"आणि तू शिंपल्या खायच्या का सोडल्यास?" लुमिंगनं विचारलं. "पोटाला बाधतात म्हणालीस."

मायलीननं कप बाजूला सारला.

"तू खात नव्हतीस. मी शेजारच्या पोरांना वाढत होते आणि तू माझ्यासमोर बसून सुकट खात होतीस."

मी तिथून उठले. मी रागीट बाई आहे, माझा हात उठला असता. लुमिंगचा उठला नाही. तिनं पोरीचा कप उचलला, मोरीत ओतला, धुतला. तीनदा खळबळला.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. मला म्हणाली येऊ नकोस, म्हणून मी गेले. सर बागेत ऑर्किडना पाणी घालत होते.

लुमिंगनं या वेळी हात कपाळाला लावला नाही. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"सर, मी तुम्हाला विचारलं होतं, आधी काही करायचं का."

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात प्रार्थना कर."

"गंमत केली, कुमारे. घरात पाहुणे होते."

"पाहुणे गेल्यावर सांगायचं."

सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, तू जे मोजलंस ते खरंच मोजलंस. तुझं टेकाड खोटं नव्हतं. मोकळा धातू तेवढाच होता. खोटं कुणीच बोललं नाही."

"वा!" मी म्हटलं. "चोर म्हणतो मी खिशात हात घातला, पाकीट आपोआप चिकटलं."

"चारिंग, तुझ्याशी मी बोलत नाही," सर म्हणाले, त्याच मऊ आवाजात. मग लुमिंगकडे वळून, "मायलीन परवाच कायम झाली ना? चांगली पोर आहे. मी तिला हातावर धरलंय. पुढच्या सुनावणीत तुला काही बोलायची गरज पडणार नाही. जे आकडे आहेत ते आहेत."

सुनावणी म्हणजे कारखान्याचा नाला खाडीत सोडायचा परवाना पुन्हा द्यायचा की नाही, त्याची. आणि कारखान्यानं आपल्या बाजूनं पुरावा म्हणून काय ठेवलं होतं? त्यांचे स्वतःचे आकडे, आणि खाली आते लुमिंगचे. वस्तीच्याच बाईनं, वस्तीच्याच यंत्रावर काढलेले. तिचा शब्द आता त्यांच्या खिशात होता. तो परत मागून घ्यायचा तर उभं राहून म्हणावं लागणार होतं, मी चुकले. आणि घरी पोरीची नोकरी जाणार होती.

मी तिच्यामागे लागले नाही. खोटं कशाला सांगू, लागले. रोज लागले. ती म्हणायची, "चारिंग, तुझं तोंड चालतं म्हणून तुला वाटतं सगळ्यांचं चालतं."

सुनावणी बास्केटबॉलच्या मैदानात झाली, छपराखाली. पहिल्या रांगेत कारखान्याची माणसं, त्यांत सर, हातात विणलेला पंखा. मागे आम्ही. सरकारी अधिकारी मंचावर. कारखान्याच्या वकिलानं लुमिंगचं एवढं कौतुक केलं, की मला वाटलं आता तिचा पुतळा उभारतात. "आमच्या जुन्या, अनुभवी सहकारी. यंत्रावरचा हात निष्णात. वस्तीचा विश्वास."

लुमिंग उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं.

"ते आकडे माझे आहेत," ती म्हणाली. "ते चुकीचे आहेत. मी पाणी उकळलं नव्हतं. उकळल्यावर टेकाड पडद्यात मावलं नाही. शिंपल्या खाऊ नका."

मैदानात कुजबुज उठली. अधिकाऱ्यानं विचारलं, "ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

तिनं सरांकडे बघितलं. सरांचा पंखा थांबला नव्हता. मला वाटलं आता घेते नाव. घे, बाई, घे.

"मला माहीत असायला हवं होतं," लुमिंग म्हणाली, आणि बसली.

मग मी उठले. नाव घेतलं, मोठ्यानं, दोनदा. अंगणातली, कॉलेजातली सगळी हकिकत सांगितली. वकील म्हणाला, "म्हणजे सरांनी एका रविवारी पाहुण्यांसमोर एक विनोद केला, हा तुमचा पुरावा?" लोक हसले. आमचेच लोक. आणि तोच वकील, ज्याच्या तोंडी लुमिंग घटकाभरापूर्वी निष्णात होती, तो म्हणाला, "ही बाई शिकलेली नाही. दवाखान्याच्या टेबलावर, लसींशेजारी बसून काढलेला तिचा कुठलाच आकडा धरू नये. आणि कॉलेजातलं म्हणाल तर, ती एकच बाटली. ती कुणी भरली? हिनंच."

एवढं मी सोसलं असतं. पण टेबान उठला, आमचा टेबान, आणि कारखान्याकडे तोंड करून नाही, लुमिंगकडे. "तू म्हणालीस खा! माझ्या नातवंडांना तुझ्या शब्दावर घातल्या मी!" त्याचा आवाज फाटला. त्याच्यामागे दुसरे उठले. एका बाईनं चप्पल काढली. ज्यांनी विष सोडलं ते पहिल्या रांगेत पंख्यानं वारा घेत होते, आणि आम्ही आमच्याच बाईवर तुटून पडलो होतो.

सर जाताना तिच्यापाशी थांबले. "कुमारे, तब्येत सांभाळ," म्हणाले. तिनं नाव घेतलं नाही म्हणून ते आभार मानत होते की टोमणा मारत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

अधिकाऱ्यानं परवाना रोखला नाही, दिलाही नाही. नाल्याचे नमुने पुन्हा मोजायचे ठरले आहेत. कुठे? कारखान्याच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. कॉलेजचा आकडा टिकायचा तर आतल्या कुणीतरी सांगायला हवं, की हौदाचं पाणी उकळतात आणि नाल्याचं नाही. ते सांगू शकणारी एक पोरगी आहे. ती सध्या शहरात मैत्रिणीकडे राहते, आईचा फोन उचलत नाही. नोकरी अजून आहे.

लुमिंग घरात असते. टेबान तिच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघतो. ती मला नाव घेऊ नकोस म्हणते, सरांचं. पोराला हातावर धरलेल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं म्हणते. मी तिच्यावर ओरडते. ती ऐकून घेते. मग विचारते, "मायलीन जेवत असेल ना गं नीट?"

मला सरांचा राग येतो तो वेगळा, त्याला मी घाबरत नाही. मायलीनचा राग येतो त्याचं काय करायचं मला कळत नाही. कारण ती वाईट पोर नाही. तिनं फक्त ताटातली शिंपली बाजूला सारली आणि गप्प बसली.

म्हणून हे तुम्हाला लिहिलं. तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी मोजत असेल. आज ते जेवायला बसलं की त्याला विचारा: मालासाठी घेतलेला नमुना उकळता, तसा नाल्याचाही उकळता का? कामाचं घरी बोलत नाही म्हणालं, तर सोडू नका. पुन्हा विचारा.